पहिलं बाळंतपण : चौतिसाव्या आठवड्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंतची तयारी, क्रमाने

पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते आणि तिची फाईल सासरीच राहते. खानदेशात शेवटच्या महिन्यातल्या बऱ्याच गोंधळाचं मूळ इथे असतं. रात्री दोनला कळा सुरू होतात, दवाखान्यात सिस्टर विचारतात रक्तगट कोणता, शेवटची पाळी कधीची, हिमोग्लोबिन किती. मग माय जावयाला फोन लावते आणि जावई सुरतेत रात्रपाळीला असतो. दुसरा गोंधळ निघण्याच्या वेळेचा. पोट जरा आवळलं की कोणी आठवड्यात तीनदा दवाखान्याच्या चकरा मारतं, आणि कोणी पाणी गेल्यावरही ‘कळा कुठे आहेत अजून’ म्हणत उजाडेपर्यंत थांबतं. पहिल्या प्रकारात पैसे आणि झोप जाते, दुसऱ्यात बाळाला धोका होतो.

खालची कामं ज्या क्रमाने करायची, त्याच क्रमाने लिहिली आहेत. वाढलेलं बीपी, साखर, जुळं, खाली असलेली वार (प्लासेंटा) किंवा गर्भाशयाचं आधीचं ऑपरेशन असं काही असेल, तर तुमच्या डॉक्टरांनी दिलेलं वेळापत्रकच पाळा. त्यापुढे हा लेख दुय्यम आहे.

१. आधी तारीख पक्की करा

‘नऊ महिने नऊ दिवस’ हा हिशोब सोडा आणि आठवडे मोजा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे, म्हणजे त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. पाळी १० जुलैला आली असेल तर अंदाजाची तारीख १७ एप्रिल. पाळी अनियमित असेल किंवा तारीख आठवत नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीची तारीख धरा.

इथे हमखास होणारी चूक अशी : आठव्या-नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या कागदावर वेगळी तारीख छापून येते आणि घरचे तीच धरतात. त्या वेळी मशीन बाळाच्या आकारावरून वय काढतं. बाळ बारीक असेल तर तारीख पुढे जाते, अंगाने मोठं असेल तर मागे येते. म्हणून सुरुवातीला पक्की झालेली तारीख डॉक्टरांनी स्वतः बदलल्याशिवाय बदलायची नाही.

फाईलच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत तीन तारखा लिहा : ३७ आठवडे पूर्ण होतात ती (अंदाजाच्या तारखेआधी २१ दिवस), अंदाजाची तारीख, आणि ४१ आठवडे पूर्ण होतात ती (नंतर ७ दिवस). वरच्या उदाहरणात २७ मार्च, १७ एप्रिल आणि २४ एप्रिल. पहिल्या तारखेआधी कळा आल्या तर त्या अपुऱ्या दिवसांच्या, म्हणजे लगेच दवाखाना. तिसरी तारीख आली तर ‘येईल आपोआप’ म्हणत घरी बसायचं नाही. त्या दिवशी तपासणी करून कळा सुरू करायच्या का, यावर डॉक्टरांशी बोलायचं. या दोन तारखांच्या मध्ये कधीही बाळ आलं तरी काळजीचं कारण नाही. पहिलटकरीण बऱ्याचदा तारखेच्या पुढे जाते.

सावधान : चांगला मुहूर्त बघून सिझेरियनची तारीख मागणारी घरं वाढली आहेत. वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवड्यांच्या आत सिझेरियन केलं तर बाळाला श्वासाचा त्रास होऊन काचेच्या पेटीत ठेवायची वेळ येण्याची शक्यता वाढते. पत्रिकेसाठी हा धोका पत्करू नका.

२. माहेरी यायचं ते चौतिसाव्या आठवड्याच्या आत

सातव्या महिन्यातला कार्यक्रम उरकून लगेच आलात तर उत्तम, नाहीतर ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान या. जिथे बाळंतपण व्हायचं, तिथल्या डॉक्टरांनी कळा सुरू होण्याआधी तुम्हाला किमान दोन-तीनदा तपासलेलं हवं.

सुरतेहून येणाऱ्यांनी ताप्ती लाईनची रेल्वे धरावी. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव या पट्ट्यात कुठेही उतरायचं असलं तरी रेल्वे बसपेक्षा बरी, कारण पाय मोकळे करता येतात आणि संडास जवळ असतो. खालचा बर्थ घ्या, तासा-दीड तासाने उठून दोन फेऱ्या मारा, पाण्याची बाटली हाताशी ठेवा. ‘लघवीला जावं लागेल’ म्हणून पाणी न पिता प्रवास करणं ही मोठी चूक आहे. पाणी कमी पडलं की पोट आवळायला लागतं आणि लघवीचा जंतुसंसर्गही होतो. ३६ आठवड्यांनंतर लांबचा प्रवास नको. स्टेशनपासून गावापर्यंत मोटारसायकलवर बसवून तर अजिबात आणू नका.

यायची वेळ एप्रिल-मेमध्ये पडत असेल तर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) गर्दीत यायचं ठेवू नका, पंधरा दिवस आधीच या. आणि आलात की झोक्यावर चढायचा मोह या वर्षापुरता आवरा.

आल्यावर पहिल्या आठवड्यातच गावच्या आशाताईंना आणि उपकेंद्राच्या सिस्टरांना कळवा. तुमचा आरसीएच नंबर (सरकारी माता-बाल नोंदीचा नंबर) तोच राहतो, नोंद फक्त इकडे घ्यायची असते. सासरी मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड (गुजरातचं असेल तर ममता कार्ड) दाखवा. ‘बाळंतपण खासगीत करणार, मग सरकारी नोंद कशाला’ असं म्हणू नका. बाळाच्या लसी आणि पहिल्या बाळासाठीचे मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये, दोन्हींसाठी ही नोंद लागते.

सातपुड्यातल्या पाड्यांवरचं गणित वेगळं आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या आतल्या भागात, तोरणमाळच्या वर, कळा सुरू झाल्यावर निघणं म्हणजे उशीर. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड पडली की रस्ताच बंद होतो. तारखेच्या आठ-दहा दिवस आधी दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे मुक्काम हलवा. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ची सोय आहे. बाळंतपणाच्या काही दिवस आधी गर्भवतीला तिथे राहता येतं. आपल्या केंद्रात ती चालू आहे का, हे आशाताईंना आठव्या महिन्यातच विचारा.

३. फाईल : काय, कोणत्या क्रमाने

चेनची एक प्लास्टिकची फाईल घ्या. पानं अशी लावा, की रात्री झोपेतून उठलेल्या माणसालाही पहिल्या मिनिटात हवं ते सापडेल.

सर्वांत वर एक कोरा कागद. त्यावर हाताने : पूर्ण नाव, वय, रक्तगट, शेवटच्या पाळीची तारीख, अंदाजाची तारीख, शेवटचं हिमोग्लोबिन (तारखेसह), कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, बीपी-साखर-थायरॉईडच्या चालू गोळ्या, नवऱ्याचा आणि माहेरचा फोन नंबर. त्याखाली माता-बाल संरक्षण कार्ड. मग सगळ्या सोनोग्राफी, पहिली वर आणि शेवटची खाली. मग रक्ताचे रिपोर्ट : रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, एचआयव्ही, कावीळ ब, व्हीडीआरएल (गरमीच्या आजाराची तपासणी), सिकलसेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार). शेवटी आधार कार्ड, गर्भवतीच्या स्वतःच्या नावाच्या बँक पासबुकाची झेरॉक्स, रेशन कार्ड आणि असल्यास आरोग्य योजनेचं कार्ड.

प्रत्येक पानाचा फोटो दोन फोनमध्ये ठेवा, एक नवऱ्याच्या आणि एक माहेरी. नुसता सोनोग्राफीचा काळा-पांढरा फोटो कामाचा नाही. त्यासोबतचा लिहिलेला रिपोर्ट लागतो.

तपासा : आधारवर माहेरचं आडनाव आणि दवाखान्याच्या फाईलवर सासरचं, असं आहे का? असेल तर बाळाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कसं हवं, हे घरात आजच ठरवा आणि फाईलवर तेच लिहून घ्या. दाखला निघाल्यावर दुरुस्तीला फार चकरा पडतात.

४. छत्तिसाव्या आठवड्याची तपासणी

यापुढे दर आठवड्याला तपासणी. ३६व्या आठवड्याच्या भेटीत डॉक्टरांना हे विचारल्याशिवाय उठू नका.

बाळाचं डोकं खाली आहे का? बाळ पायाळू किंवा आडवं असेल तर बाळंतपण कुठे आणि कसं करायचं हे तेव्हाच ठरतं. असं बाळ फिरवण्यासाठी घरी पोट चोळून घेऊ नका. वार सुटून रक्तस्राव होऊ शकतो.

वार कुठे आहे? खाली असेल तर एक थेंब रक्त दिसलं तरी थेट मोठ्या दवाखान्यात जायचं, वाटेत कुठे दाखवत बसायचं नाही.

हिमोग्लोबिन आत्ता किती? पाचव्या महिन्यातला आकडा उपयोगाचा नाही. ११ किंवा वर असेल तर चांगलं. ७ ते १० च्या मध्ये असेल तर आता उरलेल्या तीन-चार आठवड्यांत नुसत्या गोळ्यांनी ते पुरेसं वाढत नाही, शिरेतून लोहाचं इंजेक्शन द्यायचं का ते विचारा. ७ च्या खाली असेल तर भरती व्हावं लागतं. बाळंतपणात थोडं रक्त सगळ्यांचंच जातं. अंगात साठा असेल तर ते सहज निभावतं, नसेल तर तेवढंच रक्त जिवावर बेततं.

रक्तगट निगेटिव्ह आहे का? असेल आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं. ते दवाखान्यात असतं की बाहेरून आणावं लागतं, हे आधीच विचारून ठेवा. रविवारी रात्री तालुक्याच्या गावात ते शोधत फिरण्याची वेळ येऊ नये.

सिकलसेलची तपासणी झाली आहे का? सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः भिल्ल आणि पावरा कुटुंबांत, ही तपासणी चुकवू नका. नुसती वाहक असेल तर बाळंतपणात सहसा अडचण येत नाही, मात्र नवऱ्याचीही तपासणी हवी. आजार असेल तर रक्ताची आणि तज्ज्ञांची सोय असलेलं रुग्णालयच निवडा.

सोनोग्राफीत ‘मानेभोवती नाळेचा वेढा’ वाचून पुष्कळ घरं घाबरतात. असा वेढा बऱ्याच बाळांना असतो आणि बहुतेक बाळं व्यवस्थित जन्मतात. तेवढ्यावरून सिझेरियन ठरत नाही. कळांमध्ये बाळाचे ठोके नीट मोजले जातायत ना, हे बघणं महत्त्वाचं.

५. दवाखाना, गाडी, माणसं

दवाखाना निवडताना तीनच प्रश्न विचारा. रात्री सिझेरियन होतं का, म्हणजे भूलतज्ज्ञ रात्री येतात का? रक्त किती वेळात मिळतं? बाळाला त्रास झाला तर बाळांचा अतिदक्षता विभाग इथे आहे की पुढे पाठवतात? खोली एसी आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा. सगळं सुरळीत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातही बाळंतपण चांगलं होतं. पण तिथून पुढे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, आणि तिथून धुळे, जळगाव किंवा नंदुरबारचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, ही साखळी घरातल्या सगळ्यांना माहीत हवी.

सरकारी रुग्णालयात जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात साधं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि येण्या-जाण्याची गाडी हे सगळं मोफत आहे. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या मातांना जननी सुरक्षा योजनेतून ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात.

गाडीची सोय दुहेरी ठेवा. १०२ ही गर्भवतींसाठीची मोफत गाडी, १०८ तातडीच्या वेळची. दोन्ही नंबर भिंतीवर लिहा. शिवाय गावातला एक गाडीवाला आधीच सांगून ठेवा आणि तो लग्नसराईत भाड्याने बाहेर असतो का, हेही विचारा. म्हणून नावं दोन हवीत. घर ते दवाखाना हे अंतर एकदा रात्री जाऊन घड्याळ लावून बघा. रेल्वेचं फाटक, ऊसाच्या-केळीच्या ट्रकांची रांग, रस्त्याचं काम, सगळं त्या फेरीत कळतं.

माणसं तीन. प्रसूतिगृहात सोबत थांबणारी एक बाई, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली आणि न घाबरणारी. बाहेर औषधं-कागद बघणारा एक जण. घर सांभाळणारं एक. आणि रक्त द्यायला तयार असलेल्या दोन धडधाकट माणसांचे नंबर वेगळे लिहून ठेवा. रक्तपेढी बदली रक्तदाता मागते तेव्हा धावाधाव होते.

तपासा : ‘सिझेरियन करावं लागेल’ असं सांगितलं तर सही कोण करणार? सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवरा सुरतेहून येईपर्यंत थांबायची गरज नाही, हे दोन्ही घरांना आधीच सांगून ठेवा. या एका वाक्याने ऐनवेळचे दोन तास वाचतात.

६. पिशवी : ३६व्या आठवड्यात भरून दाराशी

आईसाठी पुढून उघडणारे तीन गाऊन, दोन जुनी मऊ सुती लुगडी, सहा चड्ड्या, मोठ्या पॅडची दोन पाकिटं, शाल, रबरी चप्पल, मग, ताट-वाटी-पेला, गरम पाण्याचा थर्मास, फोनचा चार्जर. बाळासाठी आठ झबली, बारा लंगोट, चार सुती दुपटी, दोन टोपडी आणि अंग पुसायला दोन मऊ फडकी. बास. साबण, पावडर, तेल, काजळाची डबी यांपैकी काही लागत नाही.

आता कपड्यांबद्दल जरा सविस्तर, कारण ही चूक नकळत होते. बाळाला पहिले कपडे जुने घालायची आपल्याकडे रीत आहे आणि ती चांगलीच आहे, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड नवजाताच्या कातडीला बरं. पण ते कपडे निघतात पत्र्याच्या पेटीतून आणि पेटीत असतात डांबराच्या गोळ्या. पेटी उघडल्यावर नाकात शिरतो तो वास म्हणजे नॅफ्थलीन. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका विकराची, जी-सिक्स-पीडीची, कमतरता असते. अशा बाळाला त्या कपड्यांमध्ये गुंडाळलं तर रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. कोणत्या बाळाला ती कमतरता आहे हे बाहेरून कळत नाही. म्हणून डांबरगोळ्यांच्या पेटीतलं झबलं, दुपटं, गोधडी, काहीच बाळाला वापरू नका. दुसऱ्या घरचे सुती कपडे घ्या, गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा आणि स्वच्छ पिशवीत ठेवा. बाळंतिणीच्या खोलीतूनही या गोळ्या आत्ताच काढून टाका.

७. या आठवड्यांतली रोजची कामं

बाळाची हालचाल मोजणं हे सगळ्यांत महत्त्वाचं काम. रोज एकाच वेळी, शक्यतो जेवणानंतर, डाव्या कुशीवर पडा आणि मोजा. लाथ, ढुशी, वळणं, प्रत्येक हालचाल एक. दोन तासांच्या आत दहा व्हायला हव्यात. बहुतेक वेळा त्याआधीच होतात. आपल्या बाळाची रोजची तऱ्हा लक्षात ठेवा. ती बदलली, हालचाल कमी झाली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात जाऊन ठोके तपासून घ्या.

सावधान : ‘शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ हलत नाही’ हे चूक आहे. हालचालीचा प्रकार बदलतो, संख्या कमी होत नाही. या एका समजुतीपायी उशीर होतो.

लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहाही नको. त्याऐवजी लिंबूपाणी घ्या. गोळीने शी काळी होते, त्याला घाबरून गोळी बंद करू नका.

खाणं नेहमीचंच, पण थोडं-थोडं पाच वेळा : कळण्याची भाकरी, मुगाचं वरण, पालेभाजी, ताक, केळी, शेंगदाण्याची चटणी. शेवभाजी आणि ठेचा रात्री नको, छातीत जळजळ होऊन झोप मोडते. ‘बाळ मोठं झालं तर अडकेल’ म्हणून जेवण कमी करणं ही घातक चूक. बाळ अशक्त होतं आणि कळा सोसायला आईच्या अंगात बळ राहत नाही. नवव्या महिन्यात तूप प्यायल्याने बाळ घसरून येतं हेही खरं नाही. तूप पोटात पचतं, गर्भाशयापर्यंत जात नाही. एरंडेल तर मुळीच नको. जुलाब, उलट्या होऊन अंगातलं पाणी जातं.

मे महिन्यात जळगाव-भुसावळ भागात पारा ४४-४५ अंशांवर जातो. चालायचं तर सकाळी आठच्या आत. दिवसभरात तीन लिटरच्या आसपास पाणी आणि ताक पोटात जाऊ द्या. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. झोपताना कुशीवर, उताणं नको.

या खुणा दिसल्या तर कळांची वाट न बघता निघा : रक्त जाणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, छातीच्या खाली पोटाच्या वरच्या भागात दुखणं, चेहरा-हात अचानक सुजणं, बीपी १४०/९० किंवा वर, झटका, ताप, तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज.

८. कळा खऱ्या की खोट्या

‘कंबर दुखस’ अशीच पुष्कळ बाळंतपणांची सुरुवात असते. खरी कळ कमरेतून निघून पुढे ओटीपोटाकडे येते, पोट दगडासारखं टणक होतं, मग सैल पडतं. ठराविक अंतराने येते, अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो आणि चाललं, पडलं, पाणी प्यायलं तरी थांबत नाही. खोटी कळ अनियमित असते आणि आराम केला, लघवी केली, दोन पेले पाणी प्यायलं की ओसरते.

शंका आली की दोन पेले पाणी प्या, लघवी करून या, तासभर कुशीवर पडा आणि कागदावर वेळा लिहा. उदाहरणार्थ : २:१०, २:२२, २:३१, २:४१, २:४९. अंतर मोजायचं ते एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत. इथे म्हणजे १२, ९, १०, ८ मिनिटं. पुष्कळ जण कळ संपल्यापासून मोजतात, मग अंतर चुकतं आणि दवाखान्यात फोनवर चुकीची माहिती जाते. शेजारी प्रत्येक कळ किती सेकंद टिकली तेही लिहा.

रक्ताची रेघ असलेला चिकट स्राव गेला तर बाळंतपण जवळ आलं आहे, पण त्याला अजून एक-दोन दिवसही लागू शकतात. पाळीसारखं लाल रक्त मात्र वेगळं. तेव्हा लगेच निघायचं.

पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) फुटली तर वेळ बघा, स्वच्छ पॅड लावा आणि पॅडचा रंग बघा. पाणी एकदम घळघळ जातंच असं नाही, थेंब-थेंब झिरपतं आणि बायका त्याला लघवी समजतात. पॅड बदलूनही तासाभरात पुन्हा ओलं झालं, वास लघवीचा नाही, तर पाणीच आहे असं समजा. कळा नसल्या तरी निघा. हिरवट किंवा तपकिरी पाणी म्हणजे बाळाने आत शी केली आहे, अजिबात वेळ घालवू नका. पाण्याबरोबर नाळ बाहेर दिसली तर ती आत ढकलू नका. गुडघे आणि छाती टेकून, कंबर उंच ठेवून राहायचं आणि १०८ बोलवायची.

सावधान : कळा वाढवायचं इंजेक्शन घरी किंवा गावातल्या कोणाकडूनही घेऊ नका. बाळाचे ठोके मोजल्याशिवाय दिलेल्या या औषधाने गर्भाशय फाटू शकतं आणि बाळ गुदमरू शकतं. पोटावर वरून दाबून बाळ बाहेर काढणंही तितकंच धोक्याचं.

९. कधी निघायचं

दवाखाना अर्ध्या तासाच्या आत असेल तर : कळा पाच-पाच मिनिटांनी, प्रत्येक साधारण मिनिटभर टिकणारी, आणि असं तासभर चाललेलं. तासाभराचा रस्ता असेल तर आठ-दहा मिनिटांचं अंतर नियमित झालं की निघा. घाट उतरायचा असेल तर नियमित कळा सुरू होताच.

पहिल्या खेपेला सुरुवातीचा टप्पा लांब असतो, अर्धा दिवस किंवा जास्तही. तो घरी काढता येतो. मऊ खिचडी, केळं, पेज खा, दर दोन तासांनी लघवीला जा, अंगावरून कोमट पाणी घ्या, कळांच्या मधे डुलकी काढा. इथे दमून गेलेली बाई ऐन जोर लावायच्या वेळी थकते. जोर मात्र सिस्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नका. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडण्याआधी जोर लावल्याने ते सुजतं आणि बाळंतपण लांबतं.

निघण्याआधी दवाखान्यात फोन करा आणि एवढंच सांगा : पहिली खेप, किती आठवडे, कळांचं अंतर, पाणी गेलं का आणि रंग कोणता, बाळ हलतंय का.

गाडीतच बाळ येतंय असं वाटलं तर गाडी कडेला घ्या आणि १०८ लावा. बाळाला ओढू नका, बाहेर आलं की हाताने आधार द्या. स्वच्छ कापडाने पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवा आणि दोघांना पांघरा. नाळ कापू नका, वार ओढू नका.

१०. पोचल्यावर आणि पहिल्या दिवशी

फाईलचा वरचा कागद सिस्टरांच्या हातात द्या. बाळ झाल्यावर ते आईच्या छातीवर ठेवायला सांगा आणि पहिल्या तासात अंगावर पाजा. घट्ट पिवळा चीक पिळून टाकू नका, तोच बाळाचं पहिलं संरक्षण आहे. मध, गुळाचं पाणी, घुटी, काही चाटवू नका. मधातल्या जंतूंच्या बीजांमुळे तान्ह्याला गंभीर आजार होऊ शकतो. नाळेला तेल, हळद, राख लावायची नाही. पहिली अंघोळ किमान २४ तासांनी.

सोबतच्या बाईने हे बघावं : बाळाने २४ तासांत शी केली का, लघवी झाली का, बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब ची लस व के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं का. आईचं एक पॅड तासाच्या आत भिजतंय का, हे पहिल्या रात्री दर थोड्या वेळाने बघायचं. भिजत असेल तर लगेच सिस्टरांना हाक मारा. साध्या बाळंतपणानंतरही ४८ तास दवाखान्यातच थांबा.

घरी आल्यावर शेक द्यायचा असेल तर शेगडी बंद खोलीत नको. कोळशाचा वायू वासावरून कळत नाही आणि झोपेतच गुदमरवतो. मे महिन्यात तर शेकाची गरजही नाही. बाळाला एक झबलं आणि पातळ दुपटं पुरतं.

जन्माची नोंद जिथे बाळंतपण झालं तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते, सासरच्या गावी नाही. मुदत २१ दिवसांची. दवाखाना फॉर्म भरतो तेव्हा आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधारशी अक्षर-अक्षर जुळवून बघा आणि मगच सही करा. बाळाचं नाव ठरलं नसेल तर तो रकाना कोरा सोडा, ते वर्षभरात शुल्क न भरता घालता येतं.